धंदा डगमगतो तेव्हा काय करायचं: एका भडंगवालीच्या वहीतून

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमचा भडंगाचा गाळा छतापर्यंत बुडाला होता. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं. चिरमुऱ्यांच्या पोत्यांचा लगदा, शेंगदाण्यांना वास सुटलेला, सीलिंग मशीनमध्ये गाळ. मी त्यातलं काहीच हातात घेतलं नाही. आधी उधारीची वही शोधली. पानं सुटी करून गच्चीवर दगडाखाली वाळत घातली. बॉलपेननं लिहिलेलं सगळं वाचता येत होतं. जेलपेननं लिहिलेल्या तीन महिन्यांचं निळं पाणी झालं होतं. त्या तीन महिन्यांची बाकी काही दुकानदारांनी आपणहून आणून दिली, काहींना मात्र ‘नक्की आठवत नव्हतं’.

त्यानंतर २०२० चा लॉकडाऊन आला, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर, २०२२ मध्ये तेलाचा भडका, २०२४ मध्ये लसूण, २०२५ मध्ये जीएसटीचे बदल. ‘जरा परिस्थिती सुधारली की नीट सुरू करू’ असं म्हणणारी नवी मुलं-मुली भेटतात, त्यांना मी एवढंच सांगते, की इतक्या वर्षांत मला सरळ असं एकच वर्ष मिळालं, आणि त्या वर्षी मी सगळ्यात जास्त चुका केल्या.

‘तुम्ही एवढ्या पॉझिटिव्ह कशा राहता?’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. मी तशी नाहीच, स्वभावानं घाबरट आहे. फक्त रात्री दहा वाजता मला माहीत असतं, की उद्यापासून एक रुपयाही आला नाही तर आपण किती दिवस तग धरू. तो आकडा माहीत असला की झोप लागते. खाली लिहिलंय ते सगळं या आकड्याभोवतीच आहे. माझा धंदा भडंगाचा, तुमचा शिवणकामाचा, मेसचा, मोबाइल दुरुस्तीचा असेल. जिन्नस बदला, रीत तीच ठेवा.

पहिली पायरी: किती दिवसांचा दम आहे ते मोजा

एका कागदावर दर महिन्याला काहीही झालं तरी जाणारा खर्च लिहा. माझ्याकडे सोयीसाठी गोल केलेले आकडे असे: गाळ्याचं भाडं ८,०००, लाइटबिल १,५००, कर्जाचा हप्ता ६,२००, पेट्रोल, फोन आणि किरकोळ मिळून २,३००. झाले १८,०००. इथेच नवे लोक पेन खाली ठेवतात. घरात लागणारे पैसे लिहीतच नाहीत, कारण ‘ते काय, गल्ल्यातून घेतो की’. घरखर्चासाठी माझे २०,००० लागतात. ते धरून ३८,०००, म्हणजे रोजचे साधारण १,२६७ रुपये.

आता बँकेत आणि गल्ल्यात मिळून समजा ५०,००० आहेत. भागिले १,२६७. ३९ दिवस. एवढा आपला दम.

उधारी यात धरायची नाही. गोदामातला मालही धरायचा नाही. सोनं तर नाहीच. हातात आलेला आणि उद्या सकाळी देता येईल असा पैसा तेवढा मोजायचा. हा आकडा ३० च्या खाली आला, की मी नवीन काही घेत नाही, मग ते यंत्र असो नाहीतर दुकानाचा बोर्ड. ६० च्या वर गेला, की मन आपोआप शांत होतं. नव्या धंद्याला ९० दिवस गाठायला वर्ष-दीड वर्ष लागतं, घाई नको. दर सोमवारी हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहायचा, आणि बॉलपेननं लिहायचा.

घरचा आणि धंद्याचा पैसा एकाच खात्यात असेल तर हे काहीच जमणार नाही. दुसरं खातं काढा. काउंटरवरचा क्यूआर कोड धंद्याच्या खात्याचा असू दे. मुलाच्या शाळेची फी त्या खात्यातून गेली, की तुमचा हिशेब खोटा पडायला सुरुवात झालीच म्हणून समजा.

दुसरी पायरी: एका घाण्याचा हिशेब मांडा

ही पायरी जरा सावकाश वाचा. बाजारातल्या भीतीपैकी निम्मी इथे विरघळते, आणि उरलेली निम्मी खरी आहे हे इथेच कळतं.

दहा किलो भडंगाचा एक घाणा घ्या. पाच किलो चिरमुरे ८० च्या भावानं ४०० रुपये. दोन किलो शेंगदाणे १३० नं २६०. तेल एक किलो ८०० ग्रॅम, १४० नं २५२. लसूण अर्धा किलो, २०० नं १००. तिखट, कढीपत्ता, साखर, मीठ, मसाला मिळून १६३. कच्चा माल झाला १,१७५. गॅस ९०, मजुरी २५०, पाव किलोचे ४० पुडे आणि त्यांचे स्टिकर १००. एकूण १,६१५. दुकानदाराला पुडा ५० रुपयांना जातो, म्हणजे घाण्याचे २,००० येतात. हातात उरले ३८५.

भाडं, हप्ता आणि घर मिळून ३८,००० काढायचे, तर महिन्याला ९९ घाणे पडतात. २५ दिवस काम धरलं तर रोज चार. हा माझा नफ्या-तोट्याचा उंबरठा. चारच्या खाली आले, की मी घरचे पैसे खाते आहे.

आता तेल वाढलं असं समजू. १४ सप्टेंबर २०२४ ला, गणपती उठायला तीन दिवस असताना, केंद्रानं कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. आपल्याकडचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, त्यामुळे डब्याच्या भावानं लगेच उसळी घेतली. ऐन दिवाळीच्या तोंडावर. सांगलीच्या गणपती पेठेत, आमच्या बाजारात, जो तो डोक्याला हात लावून बसला होता. मी वही काढली. तेल किलोला ४० रुपयांनी वाढलं, तर एका घाण्याला ७२ रुपये. ७२ भागिले ४० पुडे, म्हणजे पुड्यामागे एक रुपया ८० पैसे.

हे एक रुपया ८० पैसे बघितल्यावर मी खुर्चीत मागे टेकले. तेल सुमारे २९ टक्के महागलं होतं, पण माझा पुडा साडेचार टक्केच महागला होता.

पण तो आकडा छोटा दिसतो म्हणून सोडून दिला, तर हातात उरणाऱ्या ३८५ चे ३१३ होतात आणि ९९ घाण्यांच्या जागी १२२ घालावे लागतात. राबायचं जवळपास पाऊणपट… नाही, चुकले, पावपट जास्त, आणि मिळकत तेवढीच. म्हणून भाव वाढवायचाच. फक्त घाबरून नाही, मोजून.

अजून एक गंमत सांगते. सगळे तेलाकडे डोळे लावून बसतात. २०२४ च्या सुरुवातीला किरकोळ बाजारात लसूण ४०० रुपये किलोच्या घरात गेला. माझ्या घाण्यात लसूण अर्धाच किलो, पण भाव दुप्पट झाला तर १०० रुपये जातात, पुड्यामागे अडीच. तेलापेक्षा जास्त! बातम्यांत तेल असतं, माझ्या खिशाला भोक लसणानं पाडलं. तुमच्या धंद्यातला असा लसूण कोणता ते हिशेब मांडल्याशिवाय कळणार नाही. शिवणकाम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला तो अस्तराच्या कापडात सापडला.

तिसरी पायरी: भाव कसा वाढवायचा

तीन वाटा आहेत. भाव तोच ठेवून वजन कमी करणं, माल हलका वापरणं किंवा सरळ भाव वाढवणं.

हलक्या तेलाची वाट मी एकदा पाहिली आहे. पंधरा दिवसांत गिऱ्हाईक ‘घशाला लागतं’ म्हणालं, आणि जुनं तेल परत आणल्यावरही ते गिऱ्हाईक सहा महिने आलं नाही. वजन कमी करणं मोठ्या कंपन्यांना परवडतं. तुम्ही केलंत तर पुड्यावर नवं वजन स्पष्ट छापावं लागतं, नाहीतर तो गुन्हा आहे, आणि पाव किलोची सवय असलेल्या बाईला पुडा हातात घेतल्याबरोबर कळतं.

मी भाव वाढवते, वर्षातून एकदा, क्वचित दोनदा. दर महिन्याला रुपया-रुपया नाही. तेल आणि लसूण दोन्ही वाढले होते तेव्हा माझा वाढीव खर्च पुड्यामागे चार रुपये ३० पैसे होता. तो सगळा मी घेतला नाही. दुकानदाराला ५० चा पुडा ५३ केला, छापील किंमत ६५ ची ७० केली. त्याला आधी पुड्यामागे १५ सुटत होते, आता १७ सुटायला लागले. त्यामुळे गिऱ्हाइकाला समजावून सांगायचं काम त्यानंच केलं. शिवाय ६८ ठेवली असती तर दोन रुपये सुटे शोधण्यात दोघांचाही जीव गेला असता.

दुकानदाराला आठ दिवस आधी सांगा, तोंडी नाही, कागदावर. आणि त्या आठ दिवसांत तो जुन्या भावानं दुप्पट माल मागेल, तेव्हा नेहमीएवढाच द्या.

इथे पॅकिंगचं एक सांगून ठेवते. छापील पाऊचच्या मोहात पहिल्या वर्षी पडू नका. छपाईवाले कमीत कमी जी संख्या सांगतात ती नव्या माणसाला सहा-आठ महिने पुरते. वर छपाईच्या प्रत्येक रंगाला लागणाऱ्या सिलिंडरचे पैसे वेगळे. मग किंमत बदलली, पत्ता बदलला, वजन बदललं की ते सगळे पाऊच अडगळीत. साधा पाऊच आणि वर स्टिकर. दिसायला थोडं कमी, पण वाकायला सोपं.

चौथी पायरी: उधारीचं वय काढा

आमच्याकडे म्हणतात, नफा कागदावर आणि पैसा गिऱ्हाइकाकडे. मंदीत दुकानं विक्री नसल्यामुळे जेवढी बंद पडतात, त्याहून जास्त वसुली नसल्यामुळे पडतात, असं माझं मत आहे.

समजा बाहेर एक लाख ४० हजार आहेत. एवढा एकच आकडा काही कामाचा नाही. त्याची चार खान्यांत वाटणी करा. पंधरा दिवसांच्या आतले ६०,०००. सोळा ते तीस दिवस ३५,०००. एकतीस ते पंचेचाळीस २०,०००. त्यापुढचे २५,०००. पहिल्या खान्याची काळजी करू नका. दुसऱ्याला फोन करा. तिसऱ्याकडे स्वतः जा, चहा प्या, घरच्यांची विचारपूस करा आणि पैसे घेतल्याशिवाय उठू नका. चौथा खाना मी मनातल्या मनात बुडीत धरते, आला तर दिवाळी.

नव्या गिऱ्हाइकाशी पहिल्याच दिवशी ‘एक बिल मागे’ ठरवा. म्हणजे आजचा माल उधार, पण पुढचा माल उतरवताना आजचं बिल चुकतं व्हायचं. हे सुरुवातीला बोललं तर कुणालाच राग येत नाही. सहा महिन्यांनी बोललं तर येतो.

आणि एकाच गिऱ्हाइकावर टेकू नका. मीच टेकले होते. एका कॅंटीनचा ठेका असलेल्या माणसाला निम्म्याहून जास्त माल जायचा. आठ महिने छान चाललं. मग बिलं अडकायला लागली, मग फोन उचलेना, आणि मी मात्र ‘एवढं मोठं गिऱ्हाईक तुटायला नको’ म्हणून माल पाठवत राहिले. माझा दम तेव्हा ११ दिवसांवर आला होता. आता नियम केलाय, कुणाही एकाचा वाटा चार आण्यांपेक्षा जास्त नको. त्याला जास्त माल हवा असेल तर पैसे रोख घ्या.

मोठ्या खरेदीदारांसाठी कायद्याचा आधार आहे, तो माहीत असू द्या. त्यासाठी आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. जुलै २०२० पासून ती ऑनलाइन होते आणि फुकट आहे. कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर उठून या. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते, ती असे थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते.

खरं सांगायचं तर तक्रारीपेक्षा आयकराचं कलम जास्त कामाला येतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ४३बी(एच) लागू झालं. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल मुदत उलटून वर्षअखेरीस थकलेलं असेल, तर खरेदीदाराला ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवता येते. म्हणजे त्याचा कर वाढतो. म्हणून माझ्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक असतो, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी थकबाकीचं पत्र थेट त्यांच्या अकाउंट्सच्या माणसाला पाठवते. मालक टाळतो, अकाउंट्सचा माणूस टाळत नाही. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हा लाभ नाही. आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्यापुढे कलम काढू नका, तिथे चहाच चालतो.

पाचवी पायरी: भीतीनं साठा करू नका

हा माझा स्वतःचा मूर्खपणा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, सूर्यफूल तेल अडकलं. २८ एप्रिलला इंडोनेशियानं पाम तेलाची निर्यात बंद केली. आमच्या तेलवाल्याचा फोन आला, ‘ताई, आत्ता घेतलं तर घेतलं.’ मी सोन्याची साखळी तारण ठेवून २० डबे उचलले. माझा रोजचा खप सात किलोच्या आसपास, म्हणजे १५ किलोच्या २० डब्यांत ४० दिवसांहून जास्त माल. २३ मे ला बंदी उठली. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत भाव उतरले. मी महाग तेलात भडंग परतत होते आणि शेजारचा स्वस्त तेलात. वर साखळीचं व्याज.

तेव्हापासून तेल आठ दिवसांचं, शेंगदाणे पंधरा दिवसांचे, चिरमुरे चार दिवसांचे. पावसाळ्यात चिरमुरे तेवढेही नाहीत, मऊ पडतात. भाव चढत असेल तर आठाचे बारा दिवस करते, पंचेचाळीस नाही. भाव कुठे जाणार हे मला कळत नाही, आणि पेठेत चाळीस वर्षं बसलेल्यांनाही कळत नाही, हे मी तेव्हा शिकले.

सहावी पायरी: कर्ज

थोडक्यात. अडचण यायच्या आधी बँकेकडून कर्जाची मर्यादा मंजूर करून ठेवा, वापरू नका. बँक छत्री देते ती ऊन असताना. मुद्रा योजनेत तारण लागत नाही. शिशू ५०,००० पर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत, तरुण दहा लाखांपर्यंत, आणि तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना २०२४ पासून २० लाखांपर्यंत. यंत्रासाठी मुदत कर्ज, मालासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तसे काढायचे आणि भरायचे पैसे. मालाच्या पैशांतून यंत्र घेतलंत तर दिवाळीत माल भरायला पैसे नसतील.

२०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं हप्त्यांना सवलत दिली, मार्च ते ऑगस्ट. मी घेतली, कारण पर्यायच नव्हता. पण ती माफी नव्हती, व्याज चालूच होतं, माझे हप्ते शेवटी लांबले. हप्ता चुकणार असं वाटलं, तर चुकण्याआधी शाखेत जाऊन बोला. चुकल्यावर तुम्ही फक्त एक यादीतलं नाव असता. आणि पाच मिनिटांत कर्ज देणारी मोबाइल अॅप, तिकडे बघूसुद्धा नका.

सातवी पायरी: नवं काय करायचं आणि काय नाही

धंदा मंदावला की माणूस पाच नव्या वस्तू काढतो. मी लॉकडाऊनमध्ये नाचणीची बिस्किटं काढली. ओव्हन जुना घेतला, साचे आणले, तीन महिने घालवले. भडंग करणाऱ्या बाईकडून बिस्किटं कुणाला नको होती. त्यातून एक नियम मिळाला: नवी वस्तू जुन्याच कढईत, जुन्याच माणसांकडून, जुन्याच गिऱ्हाइकाला विकता येणारी हवी. तिन्हीपैकी दोन गोष्टी बदलाव्या लागत असतील, तर तो नवा धंदा आहे, त्याला नव्या धंद्याइतकं भांडवल लागेल.

बाहेरचा बदल आपल्याला उलटाही लागू शकतो, हे लक्षात ठेवा. ३ सप्टेंबर २०२५ ला पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के होणार हे जाहीर झालं, लागू व्हायचा होता २२ ला, घटस्थापनेच्या दिवशी. मधे पितृपक्ष. दुकानदारांनी ऑर्डरी थांबवल्या, म्हणाले, ‘बावीसनंतर बघू.’ आणि बावीसनंतर मोठ्या ब्रँडचे पुडे स्वस्त झाले. माझी उलाढाल ४० लाखांच्या आत, माल राज्यातच जातो, म्हणून मी कर लावतच नव्हते, मग कमी काय करू? त्या महिन्यात मी भाव उतरवला नाही. दुकानदारांना दर आठवड्याऐवजी दर तीन दिवसांनी ताजा माल द्यायला लागले, पुड्यावर बनवल्याची तारीख ठळक केली. मोठ्या कंपनीचा पुडा दोन महिन्यांपूर्वीचा असतो, माझा परवाचा. एवढंच माझ्या हातात होतं.

पुराच्या गावात, किंवा कुठेही, विमा उतरवा. २०१९ ला माझा नव्हता. एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या छोट्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही सगळ्या कंपन्यांकडे सारखीच असलेली पॉलिसी मिळते. आग आणि पूर दोन्ही त्यात येतात. गाळा भाड्याचा असला तरी आतला माल आणि यंत्रं तुमची असतात, ती लिहून घ्या. साठ्याचे फोटो दर महिन्याला काढा, वहीच्या पानांचेही, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा.

आठवी पायरी: डोकं ठिकाणावर

‘सकारात्मक रहा’ असे सुविचार सकाळी सकाळी व्हॉट्सअॅपवर येतात, त्यांनी मला उलट चिडचिड होते. मला उपयोगी पडलेल्या गोष्टी फार साध्या आहेत. बाजारभाव दिवसातून एकदाच, सकाळी अकराला बघायचा. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवरचे आवाज बंद. खरं बोलणारा एक माणूस हाताशी ठेवायचा, माझ्याकडे सासूबाई आहेत, त्या पहिल्या पानावरचा आकडा विचारतात आणि कमी असेल तर जेवताना काही बोलत नाहीत, जेवण झाल्यावर बोलतात. रात्री दहानंतर हिशेब करायचा नाही, कारण रात्रीचं कर्ज सकाळच्या कर्जापेक्षा मोठं दिसतं.

झोपच उडाली असेल, काही सुचेनासं झालं असेल, तर तो हिशेबाचा प्रश्न उरलेला नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या मदतीचा, सरकारी क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मीही एकदा लावला होता.

नववी पायरी: कामाला असलेल्यांना खरं सांगा

माझ्याकडे दोन बायका आहेत. पहिल्या पुरात मी त्यांना ‘सगळं ठीक होईल’ म्हणाले, आणि पंधरा दिवसांनी पगाराला पैसे नव्हते. एक जण सोडून गेली, बरोबरच केलं तिनं. आता पहिल्या पानावरचा आकडा त्यांनाही दिसतो. तो ३० च्या खाली गेला तर माणूस कमी न करता दिवस कमी करायचे, सहाचे चार, हे तिघींनी मिळून ठरवलंय. आत्तापर्यंत दोनदा करावं लागलं.

श्रावण हा आमचा सगळ्यात पडका महिना. घरोघरी लसूण बंद, आणि आमचं भडंग म्हणजे लसूणच. दर वर्षी मी त्या महिन्याचा तोटा धरूनच चालायचे. गेल्या आषाढात घाणा ढवळता ढवळता एकीनं विचारलं, ‘वहिनी, लसूण न घालता हिंग-जिऱ्याचं करून बघायचं का? आमच्यात श्रावणात तसंच करतात.’ कढई तीच, माणसं तीच, पुडा तोच, फक्त स्टिकरचा रंग बदलला. अर्धा किलो लसणाचे पैसे वाचले आणि हिंगाचे थोडे गेले. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात रोजचे दोन घाणे जायचे ते साडेतीनवर आले. अजून चार झालेले नाहीत. यंदा ती म्हणतेय, शेंगदाणे थोडे जास्त भाजू या.